खिडक्या थांबू द्या, आधी गच्चीवर चढा

प्रश्न: आमचं घर ४५ वर्षांपूर्वीचं. दुमजली, नऊ इंची विटांच्या भिंती, लाकडी खिडक्या, वर सपाट काँक्रीटचा स्लॅब. उन्हाळ्यात वरच्या दोन्ही खोल्या रात्री अकरालाही भट्टीसारख्या असतात. थंडीत त्याच खोल्या गारठतात आणि एका कोपऱ्यात छताशी काळी बुरशी धरते. विजेचं बिल वाढतच चाललंय. २५ लिटरचा गिझर दिवसभर चालू असतो, फ्रीज १८ वर्षांचा आहे, हजार लिटरची वरची टाकी भरायला मोटर तासभर लागते. कंत्राटदार म्हणतो सगळ्या खिडक्या दुहेरी काचेच्या करा. मुलगा म्हणतो त्याच पैशात दोन टनांचा एसी घेऊ. गच्चीला पांढरा रंग दिला की भागतं, असंही कानावर आलंय. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: अर्धं उत्तर तुमच्याच पत्रात आहे: ‘रात्री अकरालाही’. खिडकीतून येणारं ऊन सूर्याबरोबर मावळतं. त्यानंतर चार-पाच तासांनीही खोली उकडत असेल, तर दिवसभर उष्णता पिऊन रात्री ती ओकणारं काहीतरी घरातच आहे. ते म्हणजे तुमच्या डोक्यावरचा स्लॅब. खिडक्या बदलल्याने त्याला काही फरक पडणार नाही, आणि एसी त्याच्याशी रोज झुंजत बसेल. तेव्हा कंत्राटदाराला थांबायला सांगा, मुलालाही.

हिशेब असा. काँक्रीट उष्णता सहज वाहून नेतं. सव्वाशे मिलिमीटर जाडीचा उघडा करडा स्लॅब भर उन्हाळ्यात वरून ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. खाली खोली ३२ अंशांवर असली, तर दर चौरस मीटरमागे ढोबळ १०० वॉट उष्णता आत उतरते. बारा बाय बाराच्या खोलीचं छत साधारण १३ चौरस मीटर. म्हणजे ऐन उन्हाळ्यात त्या खोलीत बाराशे-तेराशे वॉटचा हीटर लावून ठेवल्यासारखं झालं. त्यात काँक्रीटमधून उष्णता खाली झिरपायला तीन-चार तास घेते, वर जुना विटांचा कोबा असेल तर आणखी जास्त. दुपारी दोनचं ऊन तुम्हाला रात्री भेटतं ते असं.

खात्री करून घ्यायला फार सामान लागत नाही. लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक मिळाली तर संध्याकाळी सातला छत, पूर्वेची भिंत, पश्चिमेची भिंत आणि जमीन अशी चार मोजमापं वहीत टिपा. बंदूक नसेल तर स्टुलावर चढून छताला आणि मग भिंतीला तळहात लावा. छत भिंतींपेक्षा चार-पाच अंशांनी गरम निघालं तर गुन्हेगार तोच. पश्चिमेची भिंत छताच्या बरोबरीने तापलेली निघाली, तर तिचंही बघावं लागेल. त्याकडे पुढे येऊ.

आता पांढऱ्या रंगाबद्दल. ऐकलंत ते खरं आहे, पण अर्धंच. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, त्यामुळे गच्चीच्या पृष्ठभागाचं तापमान वीसेक अंशांनीही खाली येऊ शकतं. इतक्या कमी खर्चात एवढा गुण देणारं दुसरं काम या घरात नाही. त्याच्या मर्यादा मात्र दोन. पहिली म्हणजे धूळ आणि शेवाळ. पांढरेपणा गेला की गुण गेला, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर गच्ची घासून धुवायची आणि दर दोन-तीन वर्षांनी नवा हात द्यायचा. दुसरी म्हणजे थंडी. रंग ऊन परतवतो, उष्णता अडवत नाही. हिवाळ्याच्या रात्री घरातली ऊब स्लॅबमधून जशी आधी निघून जायची तशीच जात राहते, आणि दिवसा मिळणारं थोडंफार ऊनही हातचं जातं. तुमची थंडीची तक्रार आणि ती बुरशी रंगाने हटणार नाही.

तरी रंगापासूनच सुरुवात करा, पण प्रयोग म्हणून. एकाच खोलीच्या वरच्या भागावर दाट चुन्याचे दोन हात मारा, दुसरा हात पहिल्याला आडवा. आठवडाभर रोज संध्याकाळी सातला दोन्ही खोल्यांची छतं मोजा. दोन खोल्यांतला फरक तुमच्याच वहीत दिसेल, आणि मोठ्या कामावर खर्च करायचा की नाही ते कोणाला विचारावं लागणार नाही. चुना पुढच्या पावसात धुऊन गेला तरी हरकत नाही, त्याचं काम तेवढंच होतं.

मोठं काम म्हणजे गच्चीवर इन्सुलेशन. सपाट स्लॅबसाठी एक्सपीएसचे, म्हणजे दाबून केलेल्या पॉलिस्टायरीनचे कडक बोर्ड घ्या, जाडी ५० मिलिमीटर. पॅकिंगमध्ये येतो तो दाणेदार थर्माकोल इथे चालत नाही. तो हळूहळू पाणी धरतो, आणि ओलं इन्सुलेशन असलं काय नि नसलं काय, सारखंच. ५० मिमीच का? उघड्या स्लॅबमधून जेवढी उष्णता जाते तिचा सुमारे सहावा हिस्सा ५० मिमी बोर्डानंतर उरतो. जाडी दुप्पट केली की अकरावा हिस्सा उरतो. पहिल्या पन्नासाने कमावलं तेवढं पुढच्या पन्नासाने मिळत नाही. हिवाळा चार-पाच महिने कडक असेल आणि हीटर रोज चालत असेल तरच १०० मिमीचा विचार करा.

थर खालून वर असे येतात: दुरुस्त केलेला स्लॅब, पाणी वाहून जाईल असा उतार (दर मीटरला किमान १० मिमी), त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर बोर्ड, बोर्डावर जिओटेक्स्टाइल कापड, आणि सगळ्यात वर जाळी घातलेला ४० मिमीचा कोबा किंवा फरशी. वॉटरप्रूफिंग बोर्डाच्या खाली घालण्याचं कारण, तिथे त्याला ऊन लागत नाही, दिवसरात्रीचं ताणणं-आखडणं थांबतं आणि त्याचं आयुष्य वाढतं. बोर्डांच्या कडा एकमेकींत बसणाऱ्या, खाचेच्या घ्या. विटांसारखे सांधे चुकवून मांडा, म्हणजे एकच सरळ फट गच्चीभर धावणार नाही. वरच्या कोब्याला दर तीन मीटरवर सांधा सोडा, नाहीतर तो स्वतःच कुठेतरी तडकून सांधा पाडेल. आणि वरचा थर पांढराच ठेवा.

हे काम बिघडतं ते बहुतेक चार ठिकाणी. गवंड्याशी बोलताना ती चार वाक्यं कागदावर असू द्या.

एक: वॉटरप्रूफिंग झाल्यावर, बोर्ड टाकण्याआधी, पाणी साठवून चाचणी. निचऱ्याची तोंडं बंद करून २५ मिमी पाणी ४८ तास उभं ठेवायचं आणि खालून छत तपासायचं. हे टाळलं आणि नंतर गळलं, तर सगळे थर उचकटावे लागतात.

दोन: उंची. गच्ची साधारण १०० मिमीने वर येते. त्यामुळे गच्चीच्या दाराचा उंबरठा, पाणी जायची तोंडं आणि कठड्याची उरलेली उंची आधीच मोजा. वॉटरप्रूफिंग कठड्यावर नव्या पातळीपासून किमान १५० मिमी वर चढवलेलं हवं.

तीन: वजन. बोर्ड हलका असतो, चौरस मीटरला दोन किलोही भरत नाही. पण ४० मिमीच्या कोब्याचे ८० ते ९० किलो होतात. जुन्या कोब्यावर नवा कोबा, त्यावर फरशी असं करत गेलात तर ४५ वर्षांच्या स्लॅबवर न विचारता ओझं चढतं. स्लॅबच्या खालच्या बाजूला गिलावा फुगला असेल, गंजाचे डाग असतील किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. जुना कोबा काढून टाकावा लागला तर तेवढाच भार उतरतो, हा फायदाच.

चार: कठड्याची कड. बोर्ड कठड्याच्या आतल्या बाजूने तीसेक सेंटिमीटर वर वळवले नाहीत, तर स्लॅब आणि बाहेरची भिंत मिळते तो कोपरा उघडाच राहतो. तुमची बुरशी नेमकी तिथेच येते.

खालून फॉल्स सीलिंग करून काम निभावेल का, हा प्रश्न पुढे येईलच, म्हणून आत्ताच सांगून टाकतो. नुसत्या जिप्समच्या छताने थोडाच फरक पडतो, कारण तापलेला स्लॅब खालच्या जिप्समलाही तापवतो. त्यावर ५० मिमी खनिज लोकर अंथरली तर बऱ्यापैकी उपयोग होतो. पण स्लॅब उन्हात तसाच तापत-आखडत राहतो आणि त्याच्या भेगा वाढतात. वरून गळायला लागलं तर ते तुम्हाला दोन वर्षांनी कळतं, तोवर आत सळया गंजलेल्या. भाड्याचं घर असेल किंवा गच्ची दुसऱ्याच्या मालकीची असेल तर नाइलाज म्हणून ठीक. गच्ची तुमचीच आहे, मग काम वरूनच करा.

बुरशीचं थोडं सविस्तर, कारण लोक तिथे बुरशीनाशक फवारतात आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा फवारतात. आधी ओल कुठून येते ते ठरवा. त्या जागी ४५ सेंटिमीटर चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून किंवा गच्चीतून येतंय. तसं असेल तर भेग, पाइप, निचऱ्याचं तोंड यांपैकी काहीतरी गळतंय, ते शोधा. थेंब खोलीकडच्या बाजूला आले तर घरातल्या हवेतल्या वाफेचं थंड कोपऱ्यावर पाणी होतंय. अंघोळ, स्वयंपाक, घरात वाळत घातलेले कपडे यांची ती वाफ. मग एक्झॉस्ट फॅन अंघोळीनंतर १५ मिनिटं चालू ठेवणं, कपाट बाहेरच्या भिंतीपासून सात-आठ सेंटिमीटर पुढे ओढणं आणि वरून इन्सुलेशन करून तो कोपरा उबदार करणं, एवढ्याने भागतं. पहिल्या प्रकारात मात्र गळती बंद करून भिंत पूर्ण वाळेपर्यंत कुठलंही इन्सुलेशन, पॅनेल किंवा वॉलपेपर लावायचा नाही. ओली वीट कोरड्या विटेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता वाहते. त्यामुळे गळती थांबवणं हेसुद्धा वीज वाचवण्याचंच काम आहे, बिलावर तसं लिहिलेलं नसलं तरी.

गच्चीचं काम होईपर्यंत एक फुकटचा उपाय रोज करता येईल. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की, बहुधा सूर्यास्तानंतर तासा-दोन तासांनी, तळमजल्याच्या खिडक्या आणि जिन्याच्या टोकाचं गच्चीचं दार उघडा. गरम हवा जिन्यातून वर निघते आणि खालून गार हवा ओढली जाते. सकाळी ऊन चढायच्या आत सगळं बंद करा, पडदे ओढा. दुपारी बारा वाजता ‘हवा येऊ दे’ म्हणून खिडक्या उघडणं म्हणजे बाहेरची भट्टी आत घेणं. पण ही सवय मोडायला घरातल्या माणसांशी भांडावं लागतं, ते तुम्ही बघा.

आता खिडक्या. दुहेरी काच वाईट नाही. एकेरी काचेतून जाणारी उष्णता तिने निम्म्यावर येते. पण तुमच्या घरात खिडक्यांचं क्षेत्रफळ गच्चीच्या तुलनेत किती? मोजून पाहा, आकडा बहुतेक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत येईल. शिवाय उन्हाळ्यात काचेतून येणारी खरी पीडा म्हणजे थेट ऊन, आणि साधी दुहेरी काच ते फारसं अडवत नाही. ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं. एकदा ते आत आलं की जाड पडदाही तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. पूर्व आणि पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जा असून उपयोग नाही, कारण तिथलं ऊन तिरपं, छज्ज्याखालून शिरतं. तिथे बाहेरून सोडायचा बांबूचा किंवा जाळीच्या कापडाचा पडदा, नाहीतर उभ्या पट्ट्यांची झडप. पश्चिमेची भिंत तापत असेल तर तिच्यासाठीही हाच विचार: फिका रंग, आणि जमलं तर भिंतीपासून थोडं अंतर ठेवून वेलीची जाळी. जुन्या काचांवर काळी फिल्म चिकटवताना जपून. फिल्मने काच तापते, आणि तिचा अर्धा भाग सावलीत असला तर ती मधूनच तडकू शकते.

जुन्या लाकडी खिडक्या टाकून देण्याआधी त्यांची दुरुस्ती करा. काचेभोवतीची सुकून गळालेली लांबी (पुट्टी) खरवडून नवी भरा. सैल बिजागरीचे स्क्रू एक नंबर जाड घ्या. झडप आणि चौकटीच्या मध्ये रबराची पट्टी बसवा. पट्टी ईपीडीएम रबराची हवी, फोमची स्वस्त पट्टी वर्षा-दोन वर्षांत चपटी होऊन बसते. दमट दिवसांत लाकूड फुगतं, म्हणून पट्टीची जाडी कोरड्या दिवसांत मोजून घेतली तर नंतर खिडकी लागत नाही. मोजमाप फुगलेल्या दिवसांत घ्या.

फटी शोधायला उदबत्ती पुरते. वारा असलेला दिवस निवडा, दारं-खिडक्या लावा, स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला एक्झॉस्ट चालू करा आणि पेटलेली उदबत्ती चौकटींच्या कडेने, स्विचबोर्डांजवळून, पाइप भिंतीत शिरतात तिथून फिरवा. धूर आडवा पळाला तिथे खडूची खूण. ही चाचणी करताना गॅसचा गिझर किंवा कुठलीही चूल पेटलेली नसावी. एक्झॉस्ट हवा ओढतो तेव्हा जळका वायू धुरांड्यातून उलटा घरात येऊ शकतो. सगळ्यात मोठी फट बहुधा दाराखाली सापडते. ९० सेंटिमीटरच्या दाराखाली एक सेंटिमीटर फट म्हणजे ९० चौरस सेंटिमीटर, भिंतीला तळहाताएवढं भोक पाडल्यासारखं. तिथे ब्रशची पट्टी लावा. चौकट आणि भिंत यांच्यातली भेग पाच-सहा मिमीपर्यंत असेल तर रंग देता येणारं अॅक्रिलिक सीलंट भरा. त्याहून रुंद असेल तर आधी फोमची गोल दोरी आत दाबायची आणि मग वरून सीलंट. दोरीशिवाय भरलं तर सीलंट तळालाही चिकटतं, त्याला ताणायला जागा राहत नाही आणि वर्षभरात कडेने सुटतं.

सरसकट सगळं घर मात्र हवाबंद करू नका. जिथे एसी किंवा हीटर चालतो त्याच खोल्यांच्या फटी बुजवण्यात अर्थ आहे. पंख्यावर चालणाऱ्या खोलीत त्याने बिलाचा एक पैसाही वाचत नाही. आणि गॅसची शेगडी किंवा गॅसचा गिझर असलेल्या जागेचं हवा येण्याचं भोक कधीच बुजवायचं नाही, हा जिवाशी खेळ आहे.

इथपर्यंत घराचं झालं. बिलाचं मोजमाप वेगळं, त्याला एक संध्याकाळ द्या. मीटरवर ‘३२०० इंपल्स प्रति किलोवॉट-तास’ असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ३६००ला त्या सेकंदांनी भागा, मग ३२००ने भागा, आलेला आकडा किलोवॉटमध्ये. दिवा दर पाच सेकंदांनी लागत असेल तर घर त्या क्षणी २२५ वॉट खातंय. आता बोर्डातला एकेक एमसीबी (जादा वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच) पाडत जा आणि दर वेळी सेकंद मोजा, कोणत्या वाटेने किती जातं ते कळेल. शेवटी सगळे एमसीबी खाली असताना दिवा लुकलुकायला नको. लुकलुकत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा कोणीतरी जोडणी घेतली आहे, वायरमनला बोलवा.

याच पद्धतीने झोपताना सगळं बंद केल्यावर काय उरतं ते पाहा. सतत १०० वॉट म्हणजे दिवसाला २.४ युनिट, वर्षाला ८७६. मोबाइलचा चार्जर प्लगला राहिला म्हणून घरात ओरडा होतो, पण तो अर्धा वॉटही घेत नाही. सेट-टॉप बॉक्स मात्र टीव्ही बंद असतानाही दहा-पंधरा वॉट घेत बसतो. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झाली असेल तर ती भरत कधीच नाही आणि खात मात्र राहते.

तुमची मोटर. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकली ती हीच, आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. हजार लिटर पाणी दहा मीटर वर चढवायला लागणारी निव्वळ ऊर्जा ०.०३ युनिटहूनही कमी. पाइपातलं घर्षण, पंपाची आणि मोटरची तूट सगळी धरून चौपट-पाचपट करा, तरी ०.१५ युनिटच्या आत बसतं. एक अश्वशक्तीची मोटर तासभर चालली की सुमारे १.१ युनिट घेते. तुमच्याकडे त्याच पाण्याला सातपट वीज जातेय. शोध या क्रमाने घ्या: तळाच्या टाकीतला फूट व्हॉल्व्ह गळतो का (मोटर बंद केल्यावर पाइपातलं पाणी खाली उतरतं आणि पुढच्या वेळी सुरुवातीला नुसतीच घरघर होते), शोषणाच्या पाइपात हवा शिरते का, जुना लोखंडी पाइप आतून गंजाने अर्धा बुजलाय का, पंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारं आतलं चाक) झिजलाय का. टाकी २० मिनिटांत भरायला हवी. तिथलाच बॉल व्हॉल्व्ह थेंब थेंब सोडत असेल तर तेच पाणी पुन्हा पुन्हा वर चढवत असाल, ते वेगळं.

गिझर दिवसभर चालू ठेवायचं कारण नाही. एक युनिट वीज ८६० लिटर पाणी एका अंशाने तापवते. २० लिटरची बादली २५ अंशांवरून ४० वर न्यायला ०.३५ युनिट पुरतं. चौघांच्या अंघोळीचं गणित त्यावरून मांडा. त्याच्यावर जे जातं ते टाकीच्या अंगातून उडून जातं. किती, ते मोजता येतं: पाणी पूर्ण तापवा, २४ तास न वापरता गिझर चालू ठेवा आणि प्लगला लावायच्या मीटरवर आकडा बघा. एक युनिटाच्या वर निघाला तर इन्सुलेशन संपलंय. वापराच्या अर्धा तास आधी लावून नंतर बंद करणं हा साधा उपाय. पण थर्मोस्टॅट ४५ वर उतरवून ठेवू नका. कोमट साठलेल्या पाण्यात लेजिओनेला जिवाणू वाढतो, म्हणून टाकीतलं पाणी ६० अंशांपर्यंत जाऊ द्या आणि नळाशी गार पाणी मिसळून घ्या. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत पोळतं, घरात लहान मूल असेल तर हे आधी सांगून ठेवा. पाणी जड असेल तर दोन वर्षांनी कॉइलवरचा क्षार काढून टाकीला गंजण्यापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा दांडा बदलून घ्या.

फ्रीजसाठी: दारात कागद पकडून ओढा, सहज सुटला तर रबर बदला. मागची जाळी झाडा, भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे घ्या. मग प्लगच्या मीटरवर ४८ तास मोजा. दिवसाला दीड-दोन युनिट निघाले तर १८ वर्षांची सेवा पुरे झाली. आजचा साधारण २५० लिटरचा चांगला फ्रीज पाऊण युनिटाच्या आसपास राहतो. फक्त जुना फ्रीज ‘पाण्याच्या बाटल्यांना’ म्हणून दुसऱ्या खोलीत चालू ठेवू नका, लोक हमखास ठेवतात. पंखे जुने असतील तर ७५ वॉटच्या जागी बीएलडीसीचा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॉटचा, आधी त्याच खोल्यांत जिथे पंखा दहा तासांच्या वर चालतो. त्याला जुना रेग्युलेटर जोडायचा नाही, तो काढून साधा स्विच ठेवा. दिव्यांबद्दल लिहायला काही उरलेलं नाही, सगळे एलईडी करा.

खर्च कुठला आधी, हे ठरवायला प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहा: कामाचा खर्च, आणि वर्षाला वाचणारी युनिटं गुणिले तुमचा शेवटच्या टप्प्याचा दर. सरासरी दर धरू नका, कारण टप्पे असतील तर वाचतात ती युनिटं सर्वांत महागड्या टप्प्यातली असतात. भागाकार केला की किती वर्षांत पैसे वसूल होतात ते दिसेल. मोटर आणि गिझर महिन्यांत, गच्ची काही वर्षांत, खिडक्या बहुधा सगळ्यात शेवटी. छतावर सोलर पॅनेल लावायचा विचार असेल तर तो गच्चीच्या कामानंतर. एकदा पॅनेलचे पाय रोवले की खालचं वॉटरप्रूफिंग करायला ते सगळं उचकटावं लागतं.

राहिला एसी. गच्चीचं काम झाल्यावर एक उन्हाळा काढा आणि मग गरज पाहा. बहुतेक त्या खोलीला एक टन पुरेल. दोन टनांचा एसी बारा बाय बाराच्या खोलीत हवा पाच मिनिटांत गार करून थांबतो, पण हवेतला दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग खोली गार पण चिकट लागते, आणि माणूस तापमान आणखी खाली नेतो. २६ अंशांवर ठेवून वर पंखा चालवलात तर अंगाला दोन-तीन अंश कमीच वाटतं. ४५ वर्षांपूर्वीची वायरिंग तशीच असेल तर एसी तिच्यावर चढवू नका. बोर्डापासून ४ चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र वायर, तिला स्वतःचा एमसीबी, चालू अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), एवढं झाल्याशिवाय बसवणाऱ्याला बोलावू नका. आणि तो पाइपासाठी भिंतीला भोक पाडेल तेव्हा जवळ उभे राहा: भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं हवं, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही, आणि पाइप घातल्यावर उरलेली जागा त्याच दिवशी सीलंटने बुजवून घ्या.